छायाचित्रांची पाखडण

धान्य साफ करण्याच्या तीन निरनिराळ्या क्रियांना मराठीने तीन निरनिराळे शब्द दिले आहेत. चाळणीने चाळले म्हणजे जाड आणि बारीक वेगळे होते. त्यात फेकून असे काही द्यावे लागत नाही, रवा रव्याच्या डब्यात जातो आणि पीठ पिठाच्या. सुपात घेऊन पाखडले म्हणजे हलका फोल उडतो आणि जड दाणा मागे राहतो. हे काम हाताच्या लयीने होते, एकेका दाण्याकडे कोणी पाहत बसत नाही. आणि निवडणे म्हणजे ताटात तांदूळ पसरून, उजेडाकडे तोंड करून, एकेक खडा डोळ्यांनी हुडकून काढणे. या तीन कामांची गल्लत घरातली कोणतीही जाणती बाई करणार नाही. छायाचित्रांच्या बाबतीत मात्र ती आपण सर्रास करू लागलो आहोत, आणि ती करण्यासाठी आता यंत्रही मदतीला आले आहे.

आज एखाद्या मध्यम थाटाच्या लग्नाहून छायाचित्रकार घरी परततो, तेव्हा त्याच्या मेमरी कार्डांत तीन-चार हजार चित्रे असली तर त्याचे कोणाला नवल वाटत नाही. आल्बममध्ये त्यांतली दोनतीनशे जातात. उरलेल्यांचे काय करायचे? प्रश्न नवा वाटतो, पण त्याला बराच जुना इतिहास आहे. आणि तो इतिहास मुख्यतः किमतीचा आहे.

छायाचित्रणाच्या पहिल्या शतकात निवड होई ती बहुतेक कळ दाबण्याच्या आधीच. मुंबईत १८५४ साली छायाचित्रणप्रेमींची सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्यातले एक उत्साही सभासद. त्या काळी प्रचारात येत असलेल्या कलोडियनच्या पद्धतीत काचेवर रसायनाचा थर द्यायचा, ती ओली असतानाच चित्र घ्यायचे आणि वाळण्यापूर्वी धुऊन काढायचे, असा सारा खटाटोप असे. एवढी यातायात करून कोणी सहज म्हणून चित्र काढीत नसे. आणि बिघडलेच तर काच खरवडून पुन्हा वापरायची. पुढे १९०० साली कोडॅकने एका डॉलरला ब्राउनी कॅमेरा विकायला काढला, त्याच्या रिळात सहा चित्रे मावत. पस्तीस मिलिमीटरच्या रिळात ती छत्तीस झाली. आपल्याकडच्या कित्येक घरांत गणपतीत घातलेले रीळ दिवाळीपर्यंत पुरवले जाई, आणि शेवटची दोन चित्रे 'उगाच वाया नकोत' म्हणून अंगणातल्या तुळशीची काढली जात. जिथे प्रत्येक कळीला पैसे पडतात तिथे पाखडायला फारसा फोल निघतच नाही.

तो निघाला पगारी छायाचित्रकारांच्या कामात. १९३५ साली, मंदीच्या काळात, अमेरिकन सरकारने शेतकऱ्यांच्या पुनर्वसनासाठी एक खाते उघडले. दोन वर्षांनी त्याचे नाव बदलून फार्म सिक्युरिटी अ‍ॅडमिनिस्ट्रेशन असे झाले. त्याच्या छायाचित्र-विभागाचा प्रमुख होता रॉय स्ट्रायकर. हा मूळचा अर्थशास्त्राचा माणूस. स्वतः छायाचित्रकार नव्हे. पण वॉकर इव्हान्स, डोरोथिया लँग, आर्थर रॉथस्टाइन, बेन शान अशी एकाहून एक तालेवार माणसे त्याने हाताशी धरली आणि त्यांना देशभर हिंडवले. रिळेच्या रिळे वॉशिंग्टनला येऊ लागली. ती तपासताना स्ट्रायकरने एक भयंकर सोपी युक्ती अवलंबिली. जे चित्र त्याला नापसंत पडे, त्याच्या निगेटिव्हला तो सरळ भोक पाडून टाकी. तिकिटतपासनीस तिकिटाला चिमटा मारतो ना, तसेच! कधी ते भोक आभाळात पडे, कधी शेतकऱ्याच्या तोंडावर. छायाचित्रकारांनी कुरकुर केली, संताप केला. तीसचे दशक संपता संपता हा प्रकार थांबला. पण तोवर पुष्कळ निगेटिव्हांना कायमची खोड लागून गेली होती.

स्ट्रायकरला खलनायक ठरवणे सोपे आहे. पण त्याची बाजूही पाहिली पाहिजे. ढिगातून वर्तमानपत्रांना आणि मासिकांना भराभर चित्रे पुरवायची, आणि तीही सरकारी धोरणाचे समर्थन करणारी, ही त्याची जबाबदारी होती. एकाच प्रसंगाची चार चित्रे आली तर एक ठेवून तीन बाद करणे हे त्याच्या दृष्टीने हिशेबीपणाचे काम होते. त्याचे चुकले असेल तर ते एवढेच की निवडणे आणि नष्ट करणे या दोन गोष्टी त्याने एकाच चिमट्यात उरकल्या. सुदैवाने बाद निगेटिव्हाही खात्याने फेकल्या नाहीत. आज वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये त्या जपून ठेवल्या आहेत. कोणालाही त्या पाहता येतात आणि लोक आवर्जून पाहतातही. भोकातून प्रकाश आरपार जात असल्यामुळे कागदावर तिथे काळाकुट्ट वाटोळा ठिपका उमटतो. धूळभरल्या रस्त्यावर उभ्या असलेल्या कुटुंबाच्या डोक्यावर काळा सूर्य लोंबकळतो आहे, असे काहीसे ते दिसते.

याच संग्रहाच्या इतिहासात दुसरा एक माणूस आहे. स्ट्रायकरइतका तो प्रसिद्ध नाही, पण आपल्या विषयात त्याचा मान मोठा. पॉल व्हँडरबिल्ट हा व्यवसायाने ग्रंथपाल. १९४२ साली त्याला हा एक लाखाहून अधिक चित्रांचा पसारा लावायला बोलावले. त्याच्यापुढे पेच असा की, चित्रे छायाचित्रकाराच्या कामगिरीप्रमाणे लावली तर 'कापूसवेचणी' शोधणाऱ्याला काही सापडेना, आणि विषयवार लावली तर कोणते चित्र कोणत्या चित्राच्या मागून आले हा धागाच तुटतो. त्याने काय करावे? आधी प्रत्येक कामगिरीची चित्रे मूळ गटाने एकत्र ठेवून सगळ्यांची सूक्ष्मफीत काढून घेतली. मग छापील प्रती प्रदेशवार आणि विषयवार वेगळ्या केल्या. मूळ क्रम शाबूत राहिला आणि नवी मांडणीही झाली. ही खरी चाळणी. आजच्या संगणकावर हेच तत्त्व पाळता येते, ते मूळ फाइल जागची न हलवता तिच्या सोबत शेऱ्यांची चिठ्ठी ठेवून. अडोबी कंपनीने २००१ साली काढलेल्या एक्सएमपी या पद्धतीत अशी चिठ्ठी चित्राच्या शेजारी निराळ्या छोट्या फाइलीत राहू शकते. तारे किती दिले, विषय कोणता, पसंत की नापसंत, हे सारे चिठ्ठीत. चित्राला धक्का नाही.

बाद माल ठेवण्याचा फायदा काय, असे विचारणाऱ्यांनी डर्क हॅलस्टेडची हकीकत ऐकावी. 'टाइम' साप्ताहिकासाठी काम करणारा हा छायाचित्रकार. १९९८ च्या आरंभी मोनिका लेविन्स्की या तरुणीचे नाव आणि चेहरा जगभर झळकला, तेव्हा त्याला वाटले की हा चेहरा आपण पाहिला आहे. कुठे, ते मात्र आठवेना. त्याने एका मदतनिसाला जुन्या पारदर्शिकांच्या ढिगाला बसवले. कित्येक दिवस हजारो चित्रे उपसल्यावर एक सापडले: ऑक्टोबर १९९६ मधला निधी जमवण्याचा एक समारंभ, गर्दीत अध्यक्ष क्लिंटन आणि त्यांना आलिंगन देणारी ती मुलगी. ते 'टाइम'च्या मुखपृष्ठावर आले. हॅलस्टेडच्या म्हणण्याप्रमाणे त्या दिवशी तिथे आणखीही छायाचित्रकार होते, पण ते डिजिटल कॅमेरे वापरीत असल्यामुळे नको असलेली चित्रे त्यांनी पुसून टाकलेली होती. त्यांना दोष कसा द्यावा? १९९६ साली त्या चित्रात ठेवण्यासारखे खरोखरच काही नव्हते. अध्यक्ष रोज शेकडो लोकांना भेटत. चित्राचे मोल चित्रात नव्हते, ते सव्वा वर्षाने बाहेरून येऊन त्याला चिकटले. अशा मोलाचा अंदाज करणारे सूप अजून कोणी विणलेले नाही.

आता डिजिटल कॅमेऱ्याकडे वळू. कोडॅकच्या स्टीव्ह सॅसन या तरुण इंजिनियराने १९७५ साली पहिला असा कॅमेरा जुळवला. वजन साडेतीन किलोंच्या वर, चित्रात अवघे दहा हजार ठिपके, आणि एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरवायला तेवीस सेकंद. मौजेची गोष्ट ही की फितीवर किती चित्रे मावू द्यावीत हे त्याने आपल्या मर्जीने ठरवले. लोकांना चोवीस आणि छत्तीसच्या रिळांची सवय होती, म्हणून त्याने मधला तीसचा आकडा धरला! संयम हा रिळाच्या लांबीतून येतो, हे जणू त्याला ठाऊक होते. पुढच्यांनी तो बांध ठेवला नाही. सोनीचा २०२४ साली बाजारात आलेला एक कॅमेरा एका सेकंदात १२० चित्रे घेतो. म्हणजे गणपती ते दिवाळीचे रीळ एक तृतीयांश सेकंदाच्या आत संपले!

एवढ्या लोंढ्याला आधी नावे तरी हवीत. जपानी उद्योजकांच्या संघटनेने १९९५ साली एक्झिफ ही पद्धत आखली; तिच्यामुळे चित्राच्या पोटातच दिवस, वेळ, कॅमेऱ्याचे नाव, छिद्राचे माप अशी टिपणे लिहिली जातात. १९९८ साली फाइलींच्या नावांचाही नियम झाला. चार अक्षरे आणि चार आकडे, एवढेच नाव. कॅमेऱ्याच्या कार्डात 'डीसीआयएम' नावाचा जो फोल्डर दिसतो तो याच नियमाचा. चार आकड्यांमुळे ९९९९ नंतर मोजणी पुन्हा ०००१ वर येते, आणि मुंजीच्या ००४२ वर सहलीचा ००४२ येऊन बसतो. घरच्या आल्बमांतली कित्येक चित्रे अशी एकमेकांखाली गाडली गेली आहेत.

म्हणून यंत्राकडे द्यायचे पहिले काम हे: प्रत्येक फाइलीचे नाव वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद या क्रमाने बदलून घेणे. आपण दिवस आधी लिहितो; पण तसे केले तर संगणक सगळ्या महिन्यांच्या पहिल्या तारखा एका पंगतीला बसवतो. वर्षापासून सुरुवात केली की अक्षरक्रम आणि कालक्रम एक होतात. फिल हार्वे यांनी २००३ पासून चालवलेले 'एक्झिफटूल' हे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर एका आज्ञेत हजारो फाइलींचे हे बारसे उरकते. तीन छायाचित्रकारांच्या तीन घड्याळांत सात-आठ मिनिटांचा फरक असेल, तर सप्तपदी आधी आणि अंतरपाट मागून असा घोटाळा होतो. त्यावर उपाय सोपा आहे. कार्य सुरू होण्यापूर्वी तिघांनी एकाच घड्याळाचे चित्र घ्यावे, म्हणजे फरक कळतो आणि तेवढी वेळ मागेपुढे सरकवता येते. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या चित्रांना मात्र हा इलाज नाही. तिथे पोटातली टिपणे पुसली जातात, आणि आजोबांच्या लग्नाचे चित्रही ज्या दिवशी आले त्या दिवसाचे ठरते.

इथपर्यंत झाली चाळणी. सूप हाती येते ते सारखी चित्रे शोधताना. एकाच प्रसंगाच्या अकरा चित्रांत फरक एवढाच, की काकांची मान किंचित वळली आहे. हे यंत्राला कळते कसे? त्यातली एक पद्धत रांगोळी काढणाऱ्यांना चटकन समजेल. चित्र आकसून आकसून नऊ ठिपके रुंद आणि आठ ओळी उंच एवढे लहान करायचे, रंग काढून टाकायचे. मग प्रत्येक ठिपका आपल्या उजवीकडच्या ठिपक्यापेक्षा उजळ आहे की काळसर, एवढेच विचारायचे. आठ ओळींत आठआठ, अशी चौसष्ट उत्तरे येतात. दोन चित्रांच्या उत्तरांत चारपाचच ठिकाणी फरक असला तर ती जुळी भावंडे. चित्रात काय आहे हे यंत्राला यत्किंचितही कळत नाही, तरी काम चोख होते. आपल्या देशात या विद्येचा एक गमतीचा उपयोग झाला. २०१८ च्या सुरुवातीला असे प्रसिद्ध झाले की भारतीयांचे फोन रोज सकाळी येणाऱ्या सुप्रभाताच्या गुलाबांनी आणि उगवत्या सूर्यांनी भरून जात आहेत. गुगलने आपल्या फाइली आवरणाऱ्या अ‍ॅपला हे 'गुड मॉर्निंग' ओळखून बाजूला काढायला शिकवले. दिवाळीच्या चार दिवसांत त्या बिचाऱ्या अ‍ॅपवर काय प्रसंग गुदरत असेल, ते वाचकांनीच ताडावे.

धूसर चित्र ओळखणेही फार अवघड नाही. शेजारशेजारच्या ठिपक्यांत एकदम फरक पडत असेल तर कडा तीक्ष्ण. फरक सावकाश पडत असेल तर चित्र हललेले. मात्र चेहरा धूसर आणि मागची जरीची पैठणी लख्ख असली, तर हे माप पैठणीलाच पूर्ण गुण देऊन मोकळे होते. त्यासाठी आधी चेहरा सापडायला हवा. तो सापडवला पॉल व्हायोला आणि मायकेल जोन्स या दोघांनी २००१ साली. त्यांची पद्धत म्हणजे एकाखाली एक लावलेल्या अडतीस चाळण्या होत. चित्राच्या चिमुकल्या चौकटीत डोळ्यांचा पट्टा गालांपेक्षा काळसर आहे का, नाकाचा दांडा डोळ्यांपेक्षा उजळ आहे का, अशा साध्या प्रश्नांनी सुरुवात होते. बहुतेक चौकटी पहिल्या एकदोन प्रश्नांतच गळतात, त्यामुळे वेग मिळतो. लवकरच कॅमेऱ्यांतच ही सोय आली; २००७ साली तर माणूस हसला की आपोआप चित्र घेणारा कॅमेरा सोनीने काढला.

आणि इथेच सूप निवडणाऱ्याच्या जागी येऊन बसू लागले. मिटलेले डोळे म्हणजे बिघडलेले चित्र, हा नियम सहलीच्या चित्राला ठीक. पण आपल्या लग्नात वधू गौरीहरापाशी बसते ती खाली पाहत, कित्येकदा डोळे मिटून. मंगलाष्टकांच्या वेळी वर-वधूंमध्ये अंतरपाट असतो. चेहरा अर्धा झाकलेला. अक्षता उडाल्या की चित्रभर पांढरे कण पसरतात. पाठवणीच्या वेळी तर एकाही माणसाचा चेहरा 'चांगला' नसतो, आईचा सर्वांत कमी. तीक्ष्णता, उघडे डोळे आणि हसू या तीन मापांनी पाखडले, तर लग्नातले जेवणावळीचे टेबल तेवढे सुपात राहील. २०२० नंतर लग्नाची चित्रे निवडून देणारी सॉफ्टवेअरे बाजारात आली. छायाचित्रकारांच्या कित्येक रात्री त्यांनी वाचवल्या हे खरे, आणि दोन महिने रखडणारा आल्बम लवकर घरी येतो हेही काही थोडे नाही. शहाणे छायाचित्रकार त्यांना हळलेली आणि जुळी चित्रे बाजूला काढायला लावतात. गौरीहराचा आणि पाठवणीचा फोल्डर मात्र स्वतः उघडून बसतात.

यंत्राच्या डोळ्याला शिकवणी लागते, आणि शिकवणीचा दोष त्याच्यात उतरतो. २०१५ साली गुगलच्या फोटो-सेवेने दोन कृष्णवर्णीय माणसांच्या चित्रांना 'गोरिला' असे नाव दिले. कंपनीला क्षमा मागावी लागली, आणि उपाय म्हणून तो शब्दच यादीतून काढून टाकण्यात आला. सौंदर्य ओळखण्याची शिकवणी तर याहून नाजूक. त्यासाठी संशोधकांनी २०१२ साली अडीच लाखांहून अधिक छायाचित्रे आणि त्यांना मिळालेले गुण एकत्र केले. हे गुण इंटरनेटवरच्या छायाचित्र-स्पर्धांत भाग घेणाऱ्या हौशी मंडळींनी दिलेले होते. त्यांच्यावर पोसलेले यंत्र त्यांच्या आवडीची सरासरी सांगते: सूर्यास्त, धुके, थेंब. तुमच्या आजीच्या स्वयंपाकघरातल्या धुरकट चित्राला तिथे कोण गुण देणार? २०१७ साली गुगलने याच्याही पुढे जाऊन 'क्लिप्स' नावाचा चिमुकला कॅमेरा जाहीर केला. तो घरात कुठेही ठेवून द्यायचा. कोणता क्षण टिपण्यासारखा, हे तोच ठरवणार. लोकांना तो रुचला नाही असे दिसते, कारण २०१९ सालीच तो विक्रीतून गेला.

माणसांची तरी आवड एक असते का? न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर चित्रे टिपणारा गॅरी विनोग्रँड रीळ धुण्यापूर्वी मुद्दाम कित्येक महिने थांबत असे. चित्र घेतानाचा आनंद विसरल्याशिवाय चित्र चांगले की वाईट ते कळत नाही, असे त्याचे मत होते. पुढे पुढे हे थांबणे वाढतच गेले. १९८४ साली तो वारला तेव्हा सुमारे अडीच हजार रिळे न धुतलेलीच होती, आणि धुतलेल्यांपैकीही हजारो त्याने पाहिलेली नव्हती. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाचे जॉन सारकोव्हस्की हे त्याचे जुने चाहते. रिळे धुऊन घेऊन त्यांनी तो ढीग पाहिला आणि १९८८ च्या प्रदर्शनाच्या वेळी स्पष्ट लिहिले की शेवटच्या वर्षांतले काम उतरलेले आहे. पाहण्याऐवजी हा माणूस नुसती कळ दाबीत सुटला होता. पंचवीस वर्षांनी, २०१३ साली, विनोग्रँडचा मित्र आणि स्वतः छायाचित्रकार असलेला लिओ रुबिनफीन त्याच ढिगाला पुन्हा बसला. सान फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात जे प्रदर्शन भरले, त्यात पूर्वी कोणी कधीच न छापलेली कित्येक चित्रे भिंतीवर होती, आणि त्यांतली काही त्या बाद ठरलेल्या शेवटच्या वर्षांतलीच होती.